दर्शनी बाजू बाहेर

ही गोष्ट मी आजवर जितक्या लोकांना सांगितली, त्यांपैकी एकानेही ती खरी मानलेली नाही आणि तुम्हीही मानणार नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. थापेला आधीच रंधा मारलेला असतो, ती सहज गळी उतरते. खऱ्याला कुसळं असतात. म्हणून ऐकताना कुठे टोचलं, तर तेवढा भाग नक्की खरा समजावा.

विषय निघाला जावईबापूंमुळे. जावईबापू म्हणजे माझ्या भाचीचा नवरा. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, जमलो होतो आणि जावईबापू आपला नवा कॉम्प्युटर सगळ्यांना दाखवायला घेऊन आले होते. एका बाजूला काचेची भिंत, आत नऊ पंखे आणि प्रत्येक पंख्यात रंगीत दिवे. बटण दाबलं तशी ती पेटी जत्रेतल्या पाळण्यासारखी उजळली, आणि आवाज असा सुरू झाला की ताईने खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं, कोणाची मोटारसायकल आली म्हणून.

"नऊ आहेत मामा," जावईबापू म्हणाले. "तापायचं नावच नाही."

"एका स्वयंपाकघरात नऊ जणी घातल्या म्हणजे जेवण लवकर होतं का हो?" मी म्हणालो. "ते बंद करा आणि बसा. तुम्हाला तीन पंख्यांची गोष्ट सांगतो."

"झालं," भाची म्हणाली. "आता चार वाजेपर्यंत जेवण नाही."

माझं अर्धं आयुष्य पंख्यांत गेलं. चाळीस वर्षं मी पंख्यांची वाइंडिंग केली. छताचे, टेबलावरचे, भिंतीच्या भोकातले, सगळे माझ्या हाताखालून गेले. वारा कुठून येतो आणि कुठे पळायला बघतो, हे मला घरच्यांच्या रागापेक्षा लवकर कळतं. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सुतार. ते त्या वेळी खुर्चीत बसून एका खणाच्या कडेला काचकागद घासत होते. रिकामे हात त्यांना ठाऊक नाहीत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "माझी पेटी येणार का गोष्टीत?"

"पेटीवाचून गोष्ट कशी होणार दाजी?"

"मग मी इथेच बसतो. साक्षीदार लागेल."

तर सांगायचं म्हणजे, ताई पुस्तकं वाचते. तुमच्या-आमच्यासारखी मनातल्या मनात नव्हे, तर मोठ्याने, माइकसमोर बसून. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, अशांसाठी एक ग्रंथालय आहे. ते ताईला पुस्तक पाठवतं, ताई वाचून कॉम्प्युटरवर आवाज भरते आणि परत पाठवते. अकरा वर्षं तिचं हे चाललेलं होतं. घरातल्या अडगळीच्या खोलीत भिंतींना जुन्या रजया ठोकून तिने आपली जागा केली होती. त्या खोलीत शिरली की ती कोणाची बायको नसते, कोणाची आई नसते. भाचीला लहानपणी ताप आला तेव्हा तिनेही आधी दारावर टकटक करून विचारलं होतं, की परिच्छेद संपला का.

"हे मात्र खरं आहे," भाची म्हणाली.

त्या उन्हाळ्यात ग्रंथालयात नवे तपासनीस आले. कानाचे फार तिखट. ताईने चारशे पानांची एक रहस्यकथा वाचून पाठवली, ती परत आली. सोबत पत्र: 'वाचन उत्तम. मागे पिठाची गिरणी चालू आहे. ती बंद करवून पुन्हा वाचावे.' ताईने पुन्हा वाचली. पुन्हा परत. 'गिरणी अद्याप चालू आहे.' खाली नियम लिहिला होता. एकच पुस्तक तिसऱ्यांदा परत आलं, तर ते दुसऱ्या वाचकाला जाईल आणि पहिल्याचं नाव यादीतून निघेल. मुदत पंधरा दिवसांची.

दुसरी वाचक कोण, हे ताईला ठाऊक होतं. ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी उसासा टाकते. "खून झाला तरी उसासा, दूधवाला आला तरी उसासा," ताई म्हणायची. अकरा वर्षांचं काम जायचंच असेल तर जावं, पण उसाशाला जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती हे हसत म्हणायची. पण त्या दिवसांत तिने खोलीचं दार उघडं टाकायला सुरुवात केली, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

गिरणी म्हणजे अर्थात कॉम्प्युटर. त्यात मागच्या बाजूला तळहाताएवढा एकच पंखा होता. लहान पंखा आणि लहान अधिकारी, दोघांनाही काम उरकायचं तर फार धावावं लागतं आणि फार ओरडावं लागतं. हवा गरम झाली की तो किंचाळायचा.

दाजींनी मनावर घेतलं. "आवाज बाहेर येतो ना? मग बाहेर येऊ देत नाही," ते म्हणाले आणि चार दिवसांत सागवानी पेटी करून मोकळे झाले. आतून घोंगडीचं अस्तर, वरून पॉलिश. आता दाजींचा सांधा म्हणजे काय चीज आहे, हे जावईबापू, तुम्हाला माहीत नसेल. त्यांच्या कपाटात शिरायचं तर मुंगीला अर्ज करावा लागतो. त्यांनी कॉम्प्युटर पेटीत ठेवला, दार लावलं, आणि काय शांतता. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पेटीला आणखी एक हात पॉलिश मारलं.

बावीस मिनिटं ती शांतता टिकली. तेविसाव्या मिनिटाला, गोष्टीतली बाई तळघराचा दरवाजा उघडत असताना, कॉम्प्युटर जागच्या जागी बंद पडला. दाजींनी पेटी उघडली. आतून जी धग बाहेर आली, तिने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे पुढचे दोन महिने पिवळे पडले.

"त्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं," दाजी म्हणाले.

"होतं. जळून गेलं म्हणून तुम्हाला आठवत नाही."

मग मला बोलावणं आलं. मी पाहिलं आणि म्हणालो, "दाजी, हा प्राणी श्वास घेतो. तुम्ही त्याचं नाकतोंड बांधून त्याला म्हणताय, आता गुपचूप धाव."

"मग नाकं वाढवू," दाजी म्हणाले.

माझं पुढचं वाक्य ऐकायला ते थांबले नाहीत. बाजारात गेले आणि सहा पंखे घेऊन आले, चांगले वीतभर रुंद. जुना पंखा काढून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पत्र्याला त्यांनी सहा भोकं पाडली; पुढे दोन, मागे एक, वर दोन, बगलेला एक. भोकं अशी गोल, की त्यांवरून बांगड्यांचं माप घ्यावं. पंखे बसवले, तारा जोडल्या, आणि कमरेवर हात ठेवून मागे सरकून बघत राहिले. दिसायला देखणं काम होतं, खोटं का बोला.

पण तिथेच घात झालेला होता. जावईबापू, तुमच्या पेटीतला पंखा नीट बघा. चौकोनी चौकटीत फिरतो. एका अंगाला मोकळी, चकचकीत पाती. दुसऱ्या अंगाला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे आणि लोंबणारी तार. मोकळ्या अंगाने तो हवा ओढतो आणि दांड्यांच्या अंगाने फेकतो. आता सुताराला पहिल्या दिवशी काय शिकवतात? दर्शनी बाजू बाहेर. फळीची चांगली बाजू लोकांकडे, गाठी आणि डाग भिंतीकडे. दाजींनी पन्नास वर्षांत एक फळी उलटी लावलेली नाही, मग पंखा कसा लावतील? सहाच्या सहा पंख्यांची चकचकीत तोंडं बाहेर. म्हणजे सहाही जण बाहेरची हवा आत ओढणार, आणि एकही जण ती बाहेर काढणार नाही.

"मला कोणी सांगितलं नव्हतं," दाजी म्हणाले.

"मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा तुम्ही जिना उतरत होतात."

बटण दाबलं. आधी कॅबिनेटची बगल फुगली, पोट धरून हसणाऱ्या माणसासारखी. मग ताईच्या हातातलं एकशे बारावं पान उडालं आणि पुढच्या जाळीला जाऊन चिकटलं. त्यामागून पडदा गेला. शेजारच्यांचं मांजर दारात बसलं होतं, त्याच्या मिशा सरळ पुढे झाल्या आणि ते चारही पाय रोवून मागे रेलून उभं राहिलं. आणि ती आत गेलेली हवा जाणार कुठे? कॅबिनेट टेबलापासून दोन बोटं वर उचललं गेलं. हा माझा हात, हे त्याचं बूड, आणि मधून मी पोस्टकार्ड आरपार सरकवून दाखवलं.

जावईबापूंनी दाजींकडे पाहिलं.

"फुगलं होतं," दाजी म्हणाले. "तेवढं फुगलं होतं. बाकीचं यांच्यापाशी."

"आणि सहा पंख्यांची गरगर वेगळीच," मी म्हणालो. "पूर्वी एक गिरणी होती, आता गिरणीबाहेर रांग लागल्यासारखं झालं."

त्या संध्याकाळी जाळीला चिकटलेलं पान ताईने सोडवलं, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केलं आणि पुस्तकात घातलं. मुदतीतले आठ दिवस गेले होते.

आता मी काही कमी शहाणा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाजींना चहाला बसवलं आणि त्यांचा चहा संपायच्या आत सहाही पंखे उलटे केले. आत ओढून फुगतं ना? मग सगळ्यांनी बाहेर फेका. हिशोब सरळ होता.

"हं," दाजी म्हणाले. "हा भाग सांगताना यांचा आवाज नेहमी बारीक होतो."

बारीक वगैरे काही नाही. सांगतो ना. सहाही पंखे हवा बाहेर फेकायला लागले, तशी कॅबिनेटला आत हवेचा दुष्काळ पडला. मग ते मिळेल त्या फटीतून ओढायला लागलं. पत्र्याच्या जोडातून, तारांच्या भोकांतून, कुठून कुठून. आणि फटीतून हवा येते तेव्हा एकटी येत नाही, धुळीला बोट धरून घेऊन येते. दोन तासांत रजयांमधली अकरा वर्षांची धूळ त्या कॅबिनेटने पोटात घेतली. त्याच वेळी खोलीचं दार असं घट्ट ओढून बसलं की ताई आत अडकली. मी आणि दाजी बाहेरून ओढतोय, ताई आतून म्हणतेय, अरे बंद करते ना मी ते. बंद केलं. दार एकदम सुटलं आणि आम्ही दोघे जिन्याच्या कठड्यापर्यंत गेलो.

"दार पावसाळ्यात फुगून घट्ट झालं होतं," भाची म्हणाली.

"उन्हाळा चालू होता, बाई. विसरलीस."

"त्याच्या आदल्या पावसाळ्यात."

मुलीला बापाचं सुतारकाम येतं, मामाची गोष्ट येत नाही. असो.

तेव्हा मी खाली बसलो आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ताईच्या शिवणाच्या डब्यातून वीतभर धागा घेतला आणि एकेका भोकासमोर धरला. धागा आत वळला की हवा आत जातेय, बाहेर फडफडला की बाहेर. धाग्याला भीडभाड नसते. मग एकेक पंखा उलटसुलट करून बघितला, आणि वाऱ्याचा स्वभाव ध्यानात आला. वारा आळशी असतो. दोन पंख्यांमध्ये जवळची वाट सापडली, की तो या भोकातून येतो आणि शेजारच्या भोकातून निघून जातो. आतल्या गरम वस्तूंना हातसुद्धा लावत नाही. हजेरी लावून निघून गेलेल्या कारकुनासारखा.

जावईबापूंनी आपल्या पेटीच्या वरच्या दोन पंख्यांकडे पाहिलं. एक आत ओढणारा होता, दुसरा बाहेर फेकणारा.

"ते दोघे एकमेकांनाच वारा घालतायत," मी म्हणालो. "घालू द्या. प्रेम असेल."

तर मी दाजींना सांगितलं, सहा नकोत, तीन पुरेत. पुढून खालच्या अंगाला दोन, ते आत घेतील. मागे वरच्या अंगाला एक, तो बाहेर काढील. गरम हवा आपणहून वर चढते, तिच्या मागे फक्त हळूच हात लावायचा. येणारी थोडी जास्त, जाणारी थोडी कमी. म्हणजे पोटात हवा जराशी दाटून राहते आणि फटींतून धूळ आत येत नाही, उलट हवाच फटीतून बाहेर जाते. बाकीची तीन भोकं बंद.

दाजींना सगळं पटलं. अडले ते मागच्या पंख्यावर. बाहेर फेकायचं म्हणजे त्याची दांड्यांची, तारेची, कुरूप बाजू बाहेर येणार.

"माझ्या हातून नाही होणार ते," दाजी म्हणाले.

"अहो, मागे भिंत आहे."

"भिंत आहे म्हणून काय झालं? मला माहीत आहे ना."

"पाहुणा आला आणि मागे डोकावला, असं म्हणायचंय का तुम्हाला? जो पाहुणा कॉम्प्युटरच्या मागे डोकावतो, त्याला पुन्हा बोलावू नये."

आम्ही जेवलो तेव्हा त्यांनी पाणीसुद्धा खुणेने मागितलं. शेवटी ताई खोलीतून बाहेर आली, हातात पुस्तक. "चार दिवस राहिलेत," ती दाजींना म्हणाली. "मी काही म्हणत नाही. पण नंतर ती बाई हे पुस्तक वाचील, आणि मी घरात बसून तिचा प्रत्येक उसासा मोजीन, आणि तुम्हाला ऐकवीन."

दाजी उठले आणि त्यांनी मागचा पंखा उलटा लावला. लावताना डोळे मिटले होते.

"डोळे मिटून स्क्रू बसतो का कधी?" दाजी म्हणाले.

"तुमचा बसला. तेच तर कसब."

मग उरला आवाज. पंख्यासमोरचा पत्रा बारीक भोकांचा होता, त्यातून हवा शीळ घालायची. दाजींनी तेवढा पत्रा कापून मोकळी जाळी बसवली. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या आणि पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये घातल्या, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्याला कळायला नको. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याला ओढू नये, तसं. आतल्या तारांचा गुंता मागे बांधून टाकला. कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, आणि दाजींची सागवानी पेटी लांब ठेवली. तिच्यात आता थंडीच्या रजया असतात, आणि त्यांना अजिबात हवा लागत नाही. शेवटी पंख्यांचा वेग उतरवत उतरवत असा आणला, की पाती मोजता यावीत. मोठा पंखा सावकाश फिरला तरी लहान धावणाऱ्यापेक्षा जास्त हवा हलवतो. हे चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, आणि चाळीस वर्षं त्यांनी वेग वाढवूनच मागितला.

काय सांगू त्या शांततेचं. दाजी तीनदा वाकून बघून आले, चालू आहे ना. खोलीत बसलं, तर माइकला ताईच्या चष्म्याची काडी कानावर टेकल्याचं ऐकू यायचं. स्वल्पविराम ऐकू यायचा. दुपारी एक कोळी छतावरून धाग्याने उतरला, तर तो धागा सोडल्याचा आवाज ताईने नंतर पुसून टाकला.

तीन दिवस ताई वाचत होती. शेवटच्या दुपारी सोळा ते बावीस ही प्रकरणं उरली होती, आणि संध्याकाळी पाच वाजता पाठवायचं होतं. बाहेर डांबर वितळेल असं ऊन. कॉम्प्युटर तापला आणि पुन्हा बंद पडला, तर सगळंच संपलं असतं. मी म्हणालो, ताई, तू वाच, मी पहारा देतो. कॅबिनेटच्या मागे स्टुलावर बसलो, दांड्यांच्या अंगातून येणाऱ्या हवेत तळहात धरून. हवा कोमट होती आणि कोमटच राहिली, सहाच्या सहा प्रकरणं.

"सोळा ते बावीस म्हणजे सात," जावईबापू म्हणाले.

सातच्या सात. मी त्या सात प्रकरणांत हललो नाही, खोकलो नाही, थुंकीसुद्धा गिळली नाही. माशी नाकावर बसली, तर तिला नजरेने खुणावलं की बाई, माइक चालू आहे, आणि ती पायी पायी खाली उतरली. पाचला पाच मिनिटं असताना ताईने शेवटचं वाक्य वाचलं आणि पाठवून दिलं. आणि आठ दिवसांनी पत्र आलं. तपासनिसांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की या संपूर्ण पुस्तकात वाचणाऱ्या बाईंच्या आवाजाखेरीज दुसरा एकही आवाज नाही. ताईचं नाव यादीत राहिलं. ते आजही आहे. तीन पंख्यांवर, जावईबापू. नऊ नाही.

दाजींनी काचकागद बाजूला ठेवला. ताई इतका वेळ भाजी निवडत होती. तिने निवडलेली भाजी एकीकडे सारली.

"इतका वेळ मी गप्प बसले," ती म्हणाली. "काय म्हणालास, एकही आवाज नाही?"

"एकही नाही."

"एकविसाव्या प्रकरणात तू घोरतोयस."

"ताई, तो पंखा असेल."

"पंखा मध्येच कूस बदलून 'दार लाव' म्हणत नाही. अकरा मिनिटं घोरलायस. वाचायच्या नादात मला उशिरा कळलं, तेव्हा पाचला दहा कमी होते, पुन्हा वाचायला वेळ कुठे होता? तसंच पाठवलं. पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही."

"पण ते पास झालं ना," मी म्हणालो.

"झालं. कारण त्याच प्रकरणात गोदामाचा पहारेकरी झोपलेला आहे. त्यांना वाटलं, मी मुद्दाम कोणीतरी आणून बसवलाय. पत्रात माझ्या वाचनाबद्दल एक ओळ नाही. 'पहारेकऱ्याचे काम करणारे गृहस्थ उत्तम, पुढील पुस्तकातही घ्यावेत,' एवढंच आहे. पत्र कपाटात आहे. आणू?"

"नको," मी म्हणालो.

पण भाची केव्हाच कपाटाकडे गेली होती.